ब्याण्णव म्हणजे निम्मे

पालकसभा संपली की दोन-चार पालक मागे रेंगाळतात. गुणांचे, वह्यांचे, खोड्यांचे बोलणे सभेत होऊन गेलेले असते. मागे उरतो तो खरा प्रश्न. नववीतल्या एका मुलाच्या वडिलांनी तो असा विचारला : "सर, हा रोज मोबाइलवर कुठल्याशा जंगलात झाडं तोडत बसतो. मारामारी नाही, घाणेरडं काही नाही. मग ओरडावं तरी कशावरून? तुम्ही विज्ञानाचे. तुम्हीच सांगा, गेम चांगला की वाईट?"

मुलगा शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "बाबा, माझे ब्याण्णव झालेत. नव्याण्णव झाले की बंद."

वडिलांना हायसे वाटले. सातच तर राहिले! मलाही तसेच वाटले. तेवढ्यात मुलगा खाली बघत पुटपुटला, "पण सर, ब्याण्णव म्हणजे निम्मेच."

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. नंतर तो खेळ मी स्वतः काही दिवस खेळून पाहिला. त्यातून जे समजले ते येथे मांडत आहे, कारण हा प्रश्न आज ना उद्या आपल्यापैकी प्रत्येकाला विचारला जाणार आहे.

डाव नसलेला खेळ

आपले जुने खेळ आठवून पाहा. लपंडाव, सापशिडी, पत्ते, नवा व्यापार. प्रत्येकात डाव असतो. डाव मांडायचा, खेळायचा, तो संपला की हवा तर दुसरा मांडायचा. भातुकलीत मुले आई, बाबा, पाहुणे होतात, म्हणजे भूमिकाच घेतात. पण तिन्हीसांजेला घरातून हाक आली की भातुकलीही आवरली जाते. भांडी टोपलीत गेली की त्या घरात काही घडत नाही.

इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायचे भूमिकांचे खेळ याच बाबतीत वेगळे आहेत. त्यांची सुरुवात १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाली. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा खेळ रचला. त्यात चित्रे नव्हती, केवळ शब्द होते. पण एकाच काल्पनिक जगात अनेक जण एकाच वेळी वावरू शकत. १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन', १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट', २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' असे हे कुटुंब वाढत गेले. या खेळांतले जग आपण फोन खाली ठेवला तरी चालूच राहते. बाजार भरतो, मित्र पुढे जातात. मांडलेला डाव मोडण्याची वेळच येत नाही, कारण डावच नसतो.

पालक मात्र खेळ पाहताना त्यातली तलवार, भूत, रक्त एवढेच पाहतात. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून पुस्तक पारखण्यासारखेच हे झाले. खेळाचा स्वभाव त्याच्या नियमांत असतो. खेळ काय मोजतो, कशाला बक्षीस देतो, थांबणाऱ्याचे काय करतो, हे पाहिले पाहिजे. म्हणून एक खेळ घेऊन त्याचे नियम तपासू या.

मी घेतलेला खेळ त्या मुलाचाच, 'रुनस्केप'. केंब्रिजमधील जॅजेक्स कंपनीचा हा खेळ २००१ साली सुरू झाला. त्याचे २००७ सालचे रूप खेळाडूंच्या मागणीवरून २०१३ मध्ये 'ओल्ड स्कूल' या नावाने पुन्हा उघडले आणि २०१८ पासून ते मोबाइलवरही आले. आपल्याकडची बहुतेक मुले याहून वेगळे खेळ खेळतात हे खरे. परंतु या खेळाचे नियम साधे आहेत आणि त्यातले आकडे खेळाडूंनी बारकाईने नोंदून ठेवले आहेत. शिकण्यासाठी बेडूक फाडतात तो बेडूक हाच प्राणी महत्त्वाचा म्हणून नव्हे, त्याचे अवयव स्पष्ट दिसतात म्हणून. तसेच हे आहे.

दूध, अंडे आणि पीठ

आधी चांगली बाजू. खेळ सुरू होताच नवख्या माणसाला एका बेटावर उतरवतात. तेथे झाड तोडणे, जाळ करणे, मासा पकडून भाजणे, खनिज खणणे, धातू गाळणे हे एकेक शिकवतात. मासा करपतोही. पुढे एका वाड्यातला आचारी भेटतो. धन्याचा वाढदिवस आहे, केक करायचा आहे, आणि त्याच्याकडे दूध, अंडे, पीठ यातले काहीच नाही. आपण ते आणून द्यायचे. दुकानात जाऊन नव्हे, तर गाय पिळून, कोंबड्यांच्या खुराड्यातून अंडे उचलून, शेतातला गहू खुडून. गहू पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावर नेऊन चाडीत टाकायचा, दांडा ओढायचा आणि खाली येऊन पीठ भरून घ्यायचे.

मला हा भाग मनापासून आवडला. एखादी वस्तू कोठून येते, तिच्यामागे किती हात असतात, हे तो न सांगता दाखवतो. शिवाय ही कामगिरी संपते. केक होतो, आचारी आभार मानतो, गोष्ट पुरी होते. म्हणजे या डाव नसलेल्या खेळातही छोटे छोटे डाव आहेत! हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

विज्ञानाच्या शिक्षकाला येथे थोडी गंमतही करता येईल. या खेळात एक ढेकूळ तांब्याचे आणि एक कथिलाचे घातले की काशाची कांब तयार होते. प्रत्यक्षात काशात कथील साधारण आठवा हिस्सा असते; निम्मे घातले तर धातू ठिसूळ होईल. पोलादासाठी खेळात एक भाग लोहखनिज आणि दोन भाग कोळसा लागतो. पोलादात कार्बनचे प्रमाण दोन टक्क्यांपेक्षाही कमी असते, मग एवढा कोळसा कशाला? पण थांबा. भट्टीत कोळसा उष्णतेसाठी जळतो आणि लोहखनिजाचे क्षपणही करतो. तेव्हा दोन भाग कोळसा अगदीच वेडेपणा नाही. 'तुमच्या गेममध्ये काय खोटे आहे ते शोधून आणा' असा गृहपाठ दिला तर मुले धातूंचा पाठ स्वतःहून उघडतील.

सात पातळ्या, एकशे तीस तास

आता त्या ब्याण्णवकडे वळू. खेळात वीसहून अधिक कौशल्ये आहेत : लाकूडतोड, मासेमारी, स्वयंपाक वगैरे. प्रत्येकात १ ते ९९ पातळ्या. काम केले की गुण मिळतात आणि ठरावीक गुण साठले की पातळी चढते. दुसऱ्या पातळीला एकूण ८३ गुण लागतात. दहावीला १,१५४, तिसावीला १३,३६३, पन्नासावीला १,०१,३३३. मग ८५ व्या पातळीला ३२,५८,५९४, ब्याण्णवाव्या पातळीला ६५,१७,२५३ आणि नव्याण्णवाव्या पातळीला १,३०,३४,४३१.

शेवटचे तीन आकडे पुन्हा पाहा. दर सात पातळ्यांना बेरीज दुप्पट होते. ब्याण्णवावर पोचलेला मुलगा बरोबर निम्म्या वाटेवर असतो. निम्म्याच्या पुढे जेमतेम ३८ गुण! मुलगा खरे बोलत होता.

आठवीत आपण चक्रवाढ व्याज शिकवतो. सातात दुप्पट म्हणजे दर पातळीला सुमारे १०.४ टक्के वाढ. बहात्तरला १०.४ ने भागा, सात येतील. मुद्दल दुप्पट व्हायला किती काळ लागेल हे काढण्याचा आपला बहात्तरचा नियम येथे चपखल बसतो. फरक एवढाच की पतपेढीत हे व्याज ठेवीदाराला मिळते. येथे ते खेळाडू भरतो आणि वेळेच्या रूपाने भरतो.

यावर कोणी म्हणेल, पातळी वाढली की कामही भरभर होत असेल. होते, पण किती? साध्या झाडाच्या एका ओंडक्याला २५ गुण मिळतात. साठाव्या पातळीला 'यू' नावाचे झाड तोडता येते, त्याच्या ओंडक्याला १७५, म्हणजे सातपट. उलट पहिलीतून दुसरीत जायला ८३ गुण पुरतात आणि अठ्ठ्याण्णवातून नव्याण्णवात जायला १२,२८,८२५ लागतात. ही वाढ सुमारे १४,८०० पट झाली. कुऱ्हाडीला धार येते. पण जंगल त्याहून कितीतरी वेगाने वाढते.

समजा, तासाला ५०,००० गुण मिळतात. मग ब्याण्णव ते नव्याण्णव या 'राहिलेल्या सात' पातळ्यांना १३० तास लागतील. रोज एक तास खेळले तर चार महिन्यांहून अधिक. आपल्या पस्तीस मिनिटांच्या तासिकांत मोजायचे तर सुमारे २२३ तासिका. एवढ्यात नववीचे गणित शिकवून होईल आणि उजळणीही होईल.

नव्याण्णव झाल्यावर काय? वर्गणी भरून खेळणाऱ्याला ९९,००० नाणी मोजून त्या कौशल्याचा खास झगा विकत घेता येतो. आणि गुण मोजणे? ते थांबत नाही. आकडा वीस कोटींपर्यंत चढत राहतो. 'नव्याण्णव झाले की बंद' हे मुलाने ठरवले होते, खेळाने नव्हे. खेळाने बंद होण्याची कोणतीही जागा ठेवलेली नाही. सलग सहा तास झाले की तो खेळाडूला बाहेर काढतो एवढेच. लगेच परत आत येता येते.

येथे निष्पक्षपणे दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, हा खेळ या बाबतीत प्रामाणिक आहे. पुढच्या पातळीला किती गुण उरले हे तो लपवत नाही. एका बोटाच्या अंतरावर आकडा दिसतो. दोन, लढाई चालू नसेल तर कोणत्याही क्षणी बाहेर पडता येते, काही बुडत नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये सुरुवातीच्या काळात 'मोल्टन कोर' या गुहेवरील स्वारीला चाळीस खेळाडू एकत्र लागत आणि तासन्‌तास लागत. जेवायला बोलावले म्हणून मधेच उठणारा मुलगा एकोणचाळीस जणांना तोंडघशी पाडत असे. आई हाक मारते आणि मुलगा 'पाच मिनिटं' म्हणतो, तेव्हा तो दर वेळी हट्टच करतो असे नाही. कधी कधी तो दिलेला शब्द पाळत असतो. घरातल्या भांडणाचे मूळ पुष्कळदा येथे असते.

त्याच खेळाने एक चांगली कल्पनाही आणली. चाचणीच्या काळात फार वेळ खेळणाऱ्याचे गुण कमी होत, खेळाडू चिडले. मग तोच नियम उलटून मांडला. विसावा घेऊन आलेल्याला काही काळ दुप्पट गुण, इतरांना नेहमीचे. थांबण्याला बक्षीस ठेवता येते, हे यावरून दिसते. मनात आणले तर खेळ रचणाऱ्यांना ते जमते.

फासा पडतच नाही तेव्हा

लाकूडतोडीत आपण झाडाला बोट लावतो आणि पात्र कुऱ्हाड चालवू लागते. प्रत्यक्षात काय चालते? दर २.४ सेकंदांनी संगणक एक फासा टाकतो. दान पडले तर ओंडका, नाही तर पुन्हा फासा. दुर्मिळ वस्तूंचेही तसेच. एका राक्षसाला मारले की ५१२ पैकी एका वेळी एक चाबूक मिळण्याची शक्यता असते. मुले सरळ हिशेब करतात : ५१२ राक्षस मारले की चाबूक मिळणार.

हा हिशेब चूक आहे आणि तो का चूक आहे हे वर्गात दहा मिनिटांत दाखवता येते. चाळीस मुलांना प्रत्येकी एक फासा द्या. प्रत्येकाने सहा वेळा टाकायचा. सहा वेळा टाकूनही ज्यांना एकदाही सहा पडला नाही त्यांनी हात वर करायचा. साधारण तेरा हात वर येतील. शक्यता अशी : एका खेपेला सहा न पडण्याची ५/६, सहाही खेपांना न पडण्याची ५/६ चा सहावा घात, म्हणजे ०.३३. चाबकाच्या बाबतीत ५११/५१२ चा ५१२ वा घात, म्हणजे ०.३७. सुमारे ३७ टक्के खेळाडू ५१२ राक्षस मारूनही रिकाम्या हाताने उभे असतात. १,०२४ मारल्यावरही १३ टक्क्यांहून अधिक तसेच राहतात. आणि फाशाला आठवण नसते. हजार वेळा हुकले म्हणून पुढच्या खेपेला तो दया दाखवत नाही.

'आता इतकं झालंय, तर पुढच्याला नक्की मिळेल' हे वाक्य आपण लॉटरीच्या दुकानाबाहेर ऐकले आहे. मुलाच्या तोंडी ते आले तर त्याला शक्यतेचा पाठ समजावण्याची वेळ झाली असे समजावे. स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कबुतरांवरील प्रयोगांची तपशीलवार नोंद आहे. किती टोचींनंतर दाणा मिळेल हे अनिश्चित ठेवले की कबुतर सतत आणि वेगाने टोचत राहते, आणि दाणा बंद केल्यावरही चटकन थांबत नाही. मुले म्हणजे कबुतरे नव्हेत. पण खेळाची ही रचना कबुतरासमोरच्या पेटीची आहे, हे पालकांना ठाऊक असावे.

आत कोण कोण आहे?

अमेरिकेत १९९४ पासून खेळांवर वयाचा शिक्का मारणारे मंडळ आहे. युरोपात २००३ पासून तशी व्यवस्था आहे. खेळात हिंसा किती, भाषा कशी, हे शिक्का सांगतो. पण खेळाडू एकमेकांशी काय बोलतील याची हमी शिक्का देत नाही, देऊही शकत नाही. अनेक खेळांत तेरा वर्षांची अट दिसते. तिच्यामागेही मुलांच्या मनाचा अभ्यास नाही. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करू नये असा अमेरिकेचा १९९८ चा कायदा आहे, त्यावरून तो आकडा आला. म्हणजे शिक्का दारापर्यंतच सोबत करतो. आत मुलगा एकटा असतो.

रुनस्केपच्या चौकात उभे राहिले की काय ऐकू येते? "एक हजार दे, दोन हजार परत देतो." "तुझं चिलखत दे, फुकट सोनेरी काठ लावून देतो." ही त्या जगातली जुनी, प्रसिद्ध फसवणूक आहे. तिच्यामुळेच असेल, वस्तूंची देवघेव करताना खेळ दोन वेळा विचारतो : काय देतोस, काय घेतोस, नक्की ना? चिलखत गमावून रडलेला मुलगा दाम दुप्पट करणाऱ्या योजनेला पुढे आयुष्यात भुलणार नाही, असे मला म्हणावेसे वाटते. पण घरी कोणी विचारणारे असेल तरच तो असा धडा घेतो. नाही तर तोही दुसऱ्याला फसवायला शिकतो. दोन्ही प्रकारची मुले असतात.

आणि समोरचा खेळाडू मूलच असेल असे नाही. व्हेनेझुएलाचे चलन कोसळले तेव्हा, २०१७ च्या सुमारास, तेथील अनेकांनी रुनस्केपमध्ये तासन्‌तास ड्रॅगन मारून नाणी जमवली आणि ती खऱ्या पैशांना विकून घर चालवले. आपल्या मुलाच्या शेजारी ड्रॅगन मारणारा माणूस कदाचित रात्रीच्या जेवणासाठी मारत होता. मुलांना हे सांगावे. भूगोलाचा तो एक धडाच आहे.

पैशाचे मात्र कठोरपणे पाहिले पाहिजे. मासिक वर्गणी ही उघड किंमत आहे. ती परवडते की नाही हे घर ठरवू शकते. नशिबाची किंमत तशी ठरवता येत नाही. रुनस्केपच्या मुख्य आवृत्तीत २०१२ साली एक चक्र आणले गेले. ते फिरवून बक्षीस मिळे आणि जास्तीच्या फेऱ्या खऱ्या पैशांनी घेता येत. २०१४ मध्ये त्याची जागा त्याच जातीच्या दुसऱ्या योजनेने घेतली. ब्रिटिश संसदेच्या एका समितीने २०१९ च्या अहवालात, याच खेळातील खरेदीपायी एका सज्ञान तरुणाने ५०,००० पौंडांहून अधिक कर्ज करून ठेवल्याची त्याच्या घरच्यांची तक्रार नोंदवली आहे. तो लहान मुलगा नव्हता, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन नशीब आजमावण्याच्या अशा पेट्यांना जुगार ठरवले. वेळेचा फासा आणि पैशाचा फासा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याबद्दल मुलाशी बोलता येते. दुसरा घरात येऊच देऊ नये.

दोन सोपी उत्तरे

पालकांना दोन तयार उत्तरे मिळतात. पहिले, बंद करा. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ठरवून दिला. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीनंतर खेळण्यास बंदी केली आणि दहा वर्षांनी तो कायदा मागे घेण्याचे ठरवले. घड्याळाने वेळ मोजला जातो. पण त्या वेळात मूल केक करत होते की चक्र फिरवत होते, हे घड्याळ सांगत नाही.

दुसरे उत्तर, खेळ शैक्षणिक असतात. याला पुरावा म्हणून एक गोष्ट नेहमी सांगतात. सप्टेंबर २००५ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये एका राक्षसाने टाकलेला संसर्गाचा शाप पाळीव प्राण्यांबरोबर शहरात पोचला आणि साथ पसरली. दुबळी पात्रे पटापट मेली, काही जण पळाले, काहींनी मदत केली, काहींनी मुद्दाम रोग पसरवला. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी २००७ मध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगांविषयीच्या नियतकालिकात यावर लेख लिहिला. गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे. पण शिकले कोण? साथींचे अभ्यासक. सफरचंद पडल्याने न्यूटन शिकला. बागेतले बाकीचे लोक सफरचंद खाऊन घरी गेले. खेळात विज्ञान असते याचा अर्थ खेळणारा ते शिकतो असा नाही. कोणीतरी प्रश्न विचारावा लागतो.

दोन्ही उत्तरांत एक साम्य आहे : पालकाला खेळ पाहावा लागत नाही.

मग काय सांगावे?

माझे मत विचाराल तर असे. ओल्ड स्कूल रुनस्केप हा या कुटुंबातला त्यातल्या त्यात सरळ खेळ आहे. तो आकडे लपवत नाही, उठू देतो, आणि त्याच्या कामगिऱ्या कल्पक व विनोदी आहेत. पाचवीतल्या मुलाला मी तो देणार नाही. चौकातली माणसे त्याला झेपणार नाहीत. नववीतल्या मुलाने वर्गणी न भरता, घरातल्या मोठ्यांना माहीत असताना खेळायला माझी हरकत नाही. पण पातळ्या चढत बसण्याचा जो भाग आहे, आणि मुलांचा बहुतेक वेळ तेथेच जातो, त्यात फारसे काही नाही. झाड तोडायला शिकणे पहिल्या पाच मिनिटांत संपते. उरलेले २६० तास ते शिकणे नसते, भरणे असते.

दुसरा कोणताही खेळ पालकांनी पाच प्रश्नांनी पारखावा. एक, मधेच उठले तर कोणाचे काय बुडते? दोन, पुढच्या टप्प्याला मागच्यापेक्षा किती जास्त वेळ लागतो? तीन, खऱ्या पैशांनी नशीब विकत मिळते का? चार, अनोळखी माणूस मुलाशी बोलू शकतो का, आणि ते बंद करता येते का? पाच, आज खेळात काय झाले हे मुलाला गोष्टीसारखे सांगता येते का? पाचवा प्रश्न सर्वांत कामाचा आहे. आचाऱ्याचा केक सांगता येतो. 'चारशे ओंडके' यापुढे सांगण्यासारखे काही नसते.

बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले : मिळवणारे, धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि इतरांना छळणारे. एकाच खेळात चार मुले चार वेगळे खेळ खेळत असतात. म्हणून 'गेम कसा आहे?' याबरोबर 'आपला मुलगा त्यात कोण झाला आहे?' हेही विचारावे.

आणि घाबरवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये खेळाच्या विकाराला रोगांच्या यादीत स्थान दिले, पण त्याच्या अटी कडक आहेत. खेळावर ताबा उरत नाही, बाकी सगळे मागे पडते, नुकसान दिसूनही थांबता येत नाही, आणि हे सहसा वर्षभर चालू राहते, तेव्हाच तो विकार. त्या नववीतल्या मुलाला तसे काही नव्हते. त्याला आपण निम्म्यावर आहोत हे माहीत होते. ते कोणाला सांगावे हेच माहीत नव्हते.

त्याच्या वडिलांना मी पुढच्या सभेत एवढेच सांगितले : खेळायला बसायच्या आधी त्याला विचारा, आज डाव कुठे मोडायचा? ओंडक्यांवर नको, वेळेवरही नको; एखादी कामगिरी पुरी झाली की. खेळाने डाव ठेवला नसेल तर तो घराने मांडावा लागतो. तिन्हीसांजेची हाक आता आपणच ठरवायची आहे, मात्र ती मुलाबरोबर बसून ठरवावी.